साफ रक्ताची बाई

मिठागरातलं पाणी लाल पडलं आणि मीठ धरेना, तेव्हा आवडाबाईने आभाळाकडे बघायच्या आधी बायांच्या लुगड्यांकडे बघितलं.

साल शहाण्णव. मार्च संपत आला होता. दिवा स्टेशनच्या पलीकडे खाडीला चिकटलेला तो पाडा, आणि पाड्यातल्या निम्म्या घरांचं पोट मिठावर. ऊन तापलं, वाफ्यातलं खारं पाणी आटत आलं की ते तांबूस होतंच, हे आगऱ्याच्या लहान पोरालाही माहीत असतं. मग त्याच्यावर पांढरी साय धरते, साय जाड होऊन तळाला बसते आणि लांब दांड्याच्या फळीने ओढून तिची रास करायची. यंदा मळभ हटत नव्हतं. पाणी लाल झालं ते तसंच राहिलं, चिघळलेल्या जखमेसारखं. जरा साय धरली की कुठून तरी चार थेंब यायचे आणि ती विरघळून जायची.

"कोन गो बाहेरची होऊन वाफ्यात उतरली?" आवडाबाई बांधावर उभी राहून ओरडली. "खरा सांगा. मीठ असा उगाच नाय रुसत."

बाहेरची झालेली बाई मिठात उतरत नाही, असा पाड्याचा नियम. देवळाच्या पायरीवर कुणी नजरचुकीने चढली तर एकवेळ बोलणी खाऊन सुटायची, आगरात उतरली तर अख्ख्या हंगामाचं खापर तिच्या डोक्यावर.

"मी नाय, आये," तिची धाकटी सून सगुणा म्हणाली. "माजा कवाच होऊन गेला."

ती नडगीभर पाण्यात उभी होती आणि खोटं बोलत होती. लुगड्याच्या आत तिने जुन्या धोतराच्या दोन घड्या आवळून बांधल्या होत्या. मांड्या सोलवटल्या होत्या, त्यावर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले की जीव कळवळायचा. पाळी होऊन गेली होती हे खरंच. पण दिवाळीपासून तिला मधेच रक्त जायचं. मिठाची पाटी डोक्यावर घेताना जायचं. नवरा पंढरी ट्रकवरून घरी आला, तिच्याजवळ आला, की हमखास जायचं. पंढरीला वाटायचं, ही मुद्दाम करते.

सांगायचं कुणाला? सांगितलं तर पडवीत बसवणार. आणि आगरात उतरायला होतं कोण? सासरा मेलेला. पंढरी ट्रकवर. आवडाबाईच्या गुडघ्यांत जोर नाही. पोरगी मंजुळा लग्नाला आलेली, तिला उन्हात काळी करायची नाही. आगर मालकाचं, यांचा फक्त वाटा. डोंबिवलीच्या बाजूने मातीचे डंपर येऊन खाडीकाठचं खाजण भरायला लागले होते. मालकाचा मुकादम धाकू रोज बांधावरून जाताना बोलायचा, "आवडाबाय, तुमच्यानं होत नसंल तं सांगा. बिल्डर उभाच हाय." त्या आगरावर घरात एकच धड बाई उरली होती, सगुणा.

दुसरी सून होती. तुळसा. थोरल्या गणूची बाई.

गणू त्याच मिठाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता आणि पंढरी त्याचा क्लीनर. दोन वर्षांपूर्वी गणू वाळत वाळत मेला. शेवटी तर त्याला उचलायला एक माणूस पुरायचा. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तुळसाचंही रक्त तपासलं, आणि तो रोग तिलाही निघाला. त्या दिवसापासून तिची ताटली वेगळी, तांब्या वेगळा. झोपायला मागची पडवी, जिथे मोडक्या फळ्या आणि पाट्या टाकलेल्या असायच्या. मिठाला तर हातच लावायचा नाही. "मीठ लोकांच्या तोंडात जातो," आवडाबाई म्हणाली होती. तुळसा पहाटे उठून डोंबिवलीला जायची, बिल्डिंगीतल्या दोन घरची भांडी घासायची. ज्यांच्या ताटांवर तिचे हात फिरायचे त्यांना काही माहीत नव्हतं, आणि त्यांचं काही बिघडलंही नव्हतं.

मळभ जरा फाटलं त्या दिवशी आवडाबाईने होतं तेवढं मीठ ओढायला घेतलं. सगुणा भरलेली पाटी घेऊन बांधावर चढली. पाय सरकला, तिने कंबर आवळून तोल धरला आणि आत काहीतरी सुटलं. घड्या भिजल्या. पोटरीवरून एक ओघळ आला आणि बांधावरच्या पांढऱ्या मिठावर पडला.

आवडाबाईने बघितलं. धाकूनेही बघितलं.

"रांडे!" म्हातारीने हातातल्या फळीचा दांडा तिच्या पाठीत घातला. "घर बुडवलास माजा! मना बोलली होऊन गेला!"

पाटी खाली पडली. मीठ चिखलात गेलं. सगुणाने एका हाताने लुगडं आवळून धरलं होतं, दुसऱ्याने ती मीठ गोळा करायला वाकली.

"शिवू नको त्याला!" म्हातारी किंचाळली.

धाकू तोंड फिरवून उभा राहिला. पण गेला नाही. बाकीच्या बाया फळ्या टेकवून बघत होत्या. सगुणा पाड्याकडे चालत गेली आणि तिच्या पावलांवर आवडाबाई मागून डबड्याने पाणी मारत गेली, भर दुपारी, सगळ्यांच्या दारांसमोरून.

बाहेरची बसायला जागा एकच. मागची पडवी.

"ये गो, ये," तुळसा आतून म्हणाली. ती कामावरून येऊन पाय पसरून बसली होती. "माज्या बंगल्यात पाव्हनी आली. बस. पाट नाय, मोडकी पाटी हाय."

सगुणा भिंतीला टेकली आणि रडायला लागली. तुळसाने तिला रडू दिलं. मग स्वतःचं एक धुतलेलं फडकं तिच्याकडे फेकलं. सगुणाने त्याला हात लावला नाही.

"त्याच्यानं नाय लागत रोग," तुळसा म्हणाली. "आनि लागला असता तं एका न्हाणीत न्हातो तवाच लागला असता. घे."

सगुणाने घेतलं.

"किती दिस झाले?"

"दिवालीपासना."

"पंढरी जवल आला का जातो?"

सगुणाने मान खाली घातली.

"मधी पिवला पानी जातो? वास मारतो?"

"तुना कसा म्हायती?"

"मना पन तोच होता." तुळसा पुढे सरकली. "माजा रगत तपासला ना, मंग डॉक्टरीन बाईनी आतना पन बगला. बोलली, पिशवीच्या तोंडाला जखम हाय. मी बोलली, त्या रोगाची का? बोलली, नाय. तो येगला, यो येगला. याचा पन एक किडा असतो, पुरुषाकडना येतो. बाईला वर्सानुवर्सा कलत पन नाय. माज्यासारखीच्या अंगात तो भरभर वाढतो, म्हनून मना सारखी बोलावते. पन ज्या बाईला माजा रोग नाय तिला पन होतो, बोलली. लय बायांना होतो."

"मंग काय केला?"

"थंड वाऱ्याचा यंत्र लावला. जखम जालली. झाला. चालत घरी आली मी."

"दुखला?"

"बालंतपनाच्या पावभर पन नाय."

"आनि नाय जालली तं?"

"कॅन्सर होतो."

बाहेर आवडाबाई शेजारणीला मोठ्याने सांगत होती की सुनेने हंगाम घालवला.

"माज्याबरोबर चल," तुळसा म्हणाली. "आता नुसती जखम असंल. आता गेलीस तं सुटशील."

"पन मना कसा होईल? ते तुना गनूदादाकडना..."

"आनि पंढरी? दोघं एकाच ट्रकवर व्हते ना गो? भिवंडीच्या ढाब्यामागं ट्रक थांबायचा, तिकडं बायांच्या खोल्या. एकटा गनू उतरायचा नि पंढरी काय काचा पुसत बसायचा?"

"माजा नवरा तसा नाय!"

तुळसा हसली. बरेच दिवसांनी हसली असावी, कारण हसता हसता तिला खोकला आला.

"माजा पन नव्हता," ती म्हणाली.

पंढरी घरी आला तेव्हा आईने त्याला सगळं सांगितलं. त्याने एकच गोष्ट ऐकली, की आपली बायको तुळसाच्या पडवीत बसते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. गणूला खांदा दिल्यापासून त्याच्या मनात जी भीती बसली होती ती वर आली. तो दुसऱ्या दिवशी सगुणाला कल्याणला घेऊन गेला, आणि दोघांनी तपासायला रक्त दिलं. निकाल येईपर्यंत तो ट्रकवर गेला नाही, जेवला नाही, बायकोला शिव्या मात्र पोटभर दिल्या.

निकाल आला. दोघांनाही तो रोग नव्हता.

"साफ ना, साहेब?" पंढरीने विचारलं.

"तो रोग नाही," डॉक्टर म्हणाला. "पण यांना जे रक्त जातंय ते वेगळं आहे. मुंबईला मोठ्या इस्पितळात बायकांच्या विभागात नेऊन आतून तपासून घ्या. उशीर करू नका."

"म्हंजे साफ."

"त्या रोगाचं म्हणाल तर साफ. पण मी काय सांगतोय..."

पंढरी उठून हात जोडत बाहेर निघाला होता. सगुणा खुर्चीतच होती. तिला ते पुढचं ऐकायचं होतं. "चल!" पंढरी दारातून ओरडला, आणि ती उठली.

गावदेवीला नारळ फुटला. पंढरी ओट्यावर उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता, "आमची बाई साफ हाय! रगत तपासून घेतला! साफ!" त्या दिवसापर्यंत पाड्यात कुणाला शंका नव्हती. त्याने ओरडून सांगितलं तेव्हा सगळ्यांना कळलं, की तपासायची वेळ आली होती.

"मुंबईला न्यायला सांगितलाय डॉक्टरनी," सगुणा म्हणाली.

"कनाला?"

"आतना बगायला."

"रगत साफ हाय तं आत काय बगायचा?" पंढरी म्हणाला. "तिथं ती वैनी जाते. तिच्या रांगेत तू उभी ऱ्हानार? कोनी बगला म्हंजे?"

आवडाबाईकडे तिचा उपाय होता. गौरी यायच्या वेळेला पाळी पुढे ढकलायला सगळ्या सासवा सुनांना मेडिकलमधून गोळ्या आणून द्यायच्या. त्या गोळ्या तिने आणल्या आणि रोज सकाळी समोर उभी राहून सगुणाला गिळायला लावल्या. रक्त थांबलं. गोळ्यांनी थांबलं, की पंढरी गुजरातच्या लांबच्या फेरीवर गेला आणि तिच्याजवळ कुणी आलं नाही म्हणून थांबलं, हे विचारायला पाड्यात कोण बसलं होतं? त्याच आठवड्यात मळभ गेलं. ऊन भडकलं. वाफ्यांवर साय धरली आणि मीठ असं पिकलं की पाट्या कमी पडल्या.

"बगला?" आवडाबाई सगळ्यांना म्हणाली. "मीठ खोटा बोलत नाय."

सगुणाने पूर्ण हंगाम मीठ ओढलं. कंबरेत आतून कुणीतरी खिळा ठोकतंय असं दुखायचं. रक्त नाही, म्हणजे ती बरी होती. घराने तसं ठरवलं होतं आणि थोडे दिवस तिनेही.

गौरी झाल्या तेव्हा गोळ्यांनीही थांबेनासं झालं. आता नुसतं रक्त नव्हतं, मांस कुजल्यासारखा वास होता. ती न्हाणीत तासभर बसायची, साबण घासायची, बाहेर आली की परत वास. पंढरी अंगणात खाट टाकून झोपायला लागला.

एका दुपारी ती स्वतःच पडवीत गेली. "वैनी, मी येते तुज्याबरोबर."

"उद्याच मना जायचा हाय," तुळसा म्हणाली. "मी फुडं चालीन. तू मागना ये, अंतर ठेवून. कोनी इचारला तं डोंबिवलीला बाजाराला चालली बोल."

सकाळी दोघी निघाल्या. तुळसा पुढे, बांधावरून. सगुणा बरीच मागे, हातात रिकामी पिशवी. पाड्याच्या शेवटच्या घरापाशी धाकूची बायको शेण थापत होती.

"कुटं गो दोगी जावा?"

"मी बाजाराला."

"आनि ती?"

"मना काय म्हायती ती कुटं चालली?"

धाकूच्या बायकोने हात झटकले आणि शेण तसंच टाकून ती आवडाबाईच्या घराकडे पळाली.

म्हातारीने खाजणाच्या उघाडीपाशी, भरतीचं पाणी अडवायच्या दारापाशी, सगुणाला गाठलं. गुडघे धरून ती धापा टाकत होती. तिने शिवी दिली नाही. हात उगारला नाही. उगारला असता तर बरं झालं असतं, सगुणा कदाचित पुढे गेली असती.

"शहाडवाले येनार हायेत," आवडाबाई म्हणाली. "मंजुलेला बगायला. ठरला आहे सगला. पोऱ्या रेल्वेत हाय. त्याना आधीच कलला हाय का हिच्या चुलत्याला काय झालता. मी पाया पडून त्याना सांगितला, ते येगला घर, पोरीच्या आयबापाचा रगत साफ हाय, तपासून घेतला हाय. आता तू जा. त्या रांगेत उभी ऱ्हा. त्यांच्यातला कोनी ना कोनी बगंल. मंग पोरीला तू घाल मिठात पुरून."

"आये, मना दुसरा झाला हाय. तो रोग नाय, दुसरा."

"लोकाना काय कलतो दुसरा नि तिसरा? खालचा दुखना म्हंजे खालचा दुखना."

म्हातारी यात खोटं काही बोलत नव्हती.

"लगीन होऊन जाव दे," ती म्हणाली. "मंग मी सोता तुना मुंबईला नेईन. देवीची आन."

पुढे वळणावर तुळसा थांबली होती. सगुणा तिच्याकडे बघत राहिली, मग पिशवीची घडी घालायला लागली. घडी घालून झाली तरी घालत राहिली. मग मागे वळली.

"सगुना!" तुळसा वळणावरून ओरडली. "पोरीला जाऊन इचार! तिला आई पायजे का नवरा?"

मंजुळाला कुणीच विचारलं नाही. ती सतरा वर्षांची होती, तिला दोन्ही पाहिजे होतं.

लग्न वैशाखात झालं. मांडव दारात पडला, आणि नवरीच्या आईला मागच्या पडवीत ठेवलं. दारावर गोणपाट टाकलं, आत उदबत्त्या लावल्या. पाहुण्यांना सांगितलं, तिला कांजिण्या आल्यात. पंढरीच्या शेजारी पाटावर आवडाबाईची बहीण बसली. हळद लागलेली मंजुळा मधेच गोणपाट सारून आईच्या पाया पडायला आली. वाकली. उठताना तिने श्वास धरून ठेवला होता. पोरीने चांगलं म्हणून धरला होता, आईला कळू नये म्हणून. पण गाल फुगलेले दिसत होते, आणि सगुणाने ते बघितले.

"जा," सगुणा म्हणाली. "जा बाय. बाहेर हवेत जा."

आवडाबाईने देवीची आन पाळली. लग्नानंतर सगुणाला मुंबईला नेलं, पण चालवत नाही, पंढरीच्या ट्रकमध्ये पुढे आडवी घालून. तुळसा बरोबर होती, कारण तिथला रस्ता आणि तिथली माणसं तिलाच माहीत होती. ट्रकच्या मागे, फाळक्याला धरून बसून ती आली.

डॉक्टरीण बाईने तपासलं. हातमोजे काढून ती बराच वेळ हात धूत राहिली.

"कधीपासून होतं हे?"

"वरीस झाला असंल," पंढरी म्हणाला. "दीड."

"मग आणलं का नाही? सुरुवातीला आली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. आता मूत्राशयापर्यंत गेलंय. किरणांचा शेक देऊन बघू, पण मी खोटी आशा लावणार नाही."

"पन मॅडम, तिचा रगत साफ हाय!" पंढरी असा बोलला की जणू डॉक्टरीण बाई दुसऱ्याच कुणाच्या बायकोबद्दल बोलत होती. "आमी तपासून घेतला हाय कल्यानला. माजा पन साफ हाय."

"एचआयव्ही नाही म्हणजे काहीच नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? हा वेगळा विषाणू आहे. रक्ताच्या त्या तपासणीत दिसत नाही. संबंधातून येतो. पुरुष आणतो."

"मना काय झालेला नाय."

"पुरुषाला सहसा काही होत नाही त्याने," ती म्हणाली.

एवढ्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य पंढरीच्या कानात नीट गेलं. त्याचे खांदे सैल पडले. बाहेर येऊन त्याने बिडी पेटवली.

"काय बोलली?" आवडाबाईने विचारलं.

"बोलली, मना काय नाय."

शेक अर्धा झाला आणि सगुणाची लघवी थांबली. अंग सुजलं. घरी न्या, म्हणाले. ती पडवीतच राहिली, तुळसाच्या शेजारी, आणि तिथेच गेली. शेवटी शेवटी तिला शुद्ध नव्हती. मधेच हात हलवायची, फळी ओढल्यासारखे.

आंघोळ घालायला पाड्यातली एकही बाई आत येईना. दारापर्यंत यायच्या, पदर नाकाला लावायच्या आणि अंगणात जाऊन मोठ्याने रडायच्या. ज्या बाईच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं, तिला आवडाबाईने बोलावलं. तुळसाने एकटीने तिला उचललं, धुतलं, पुसलं. लुगडं नेसवलं, आगरात उतरायला नेसतात तसं गुडघ्यावर नाही, पार घोट्यापर्यंत. साफ रक्ताची बाई रोगी बाईच्या हातून घरातून बाहेर गेली.

वर्षश्राद्धाच्या आत पंढरीसाठी मुलगी बघायला सुरुवात झाली. घरात बाई नाही, आगरात हात नाही. आवडाबाई म्हणाली, आगर सुटलं तर बिल्डर घेईल. आंबिवलीला एक स्थळ निघालं. लक्ष्मी नाव. बाप नाही, आई विटा वाहायला जाते. मुलगी विशीतली, हाडापेराने भक्कम.

"पहिली कशानं गेली?" मुलीच्या मामाने बैठकीत विचारलं. "आमी ऐकला हाय तुमच्या घरात तो रोग..."

"तो थोरल्याला," आवडाबाई म्हणाली. "आमचा पंढरी साफ हाय. त्याची बाई पन साफ व्हती. तपासून घेतला हाय. तिला बिचारीला पोटात गाठ झाली."

सुपारी फुटली.

तुळसाने गोणपाटाआडून ते ऐकलं. ती स्वतः आता गणूसारखी वाळायला लागली होती. गालफडं आत गेली होती, तोंडात पांढरे चट्टे. डोंबिवलीची भांडी सुटली होती. कामवाली बाई अशी दिसायला लागली की मालकिणीला लगेच दुसरी मिळते. इस्पितळात मात्र ती जायची. डॉक्टरीण बाई अजून तिला आतून तपासायची आणि म्हणायची, "तिथे सगळं ठीक आहे तुझं." तुळसाला त्याचं हसू यायचं. सगळी पडझड झाली होती आणि जिच्यापायी सगुणा गेली ती एक जागा तेवढी धड होती.

हळदीच्या आदल्या दिवशी ती आंबिवलीला गेली.

जनाबाई, मुलीची आई, दारात भाताचं सूप पाखडत होती. "कोन तुमी?"

"पंढरीची वैनी. थोरल्याची बाई."

जनाबाईचा चेहरा जरा आक्रसला. तरी तिने चटई टाकली. व्याह्यांकडचं माणूस. आतून जात्याची घरघर येत होती. नवरी आणि कुणी तिची मैत्रीण हळद दळत होत्या आणि कशावर तरी खिदळत होत्या. जनाबाईने चहा आणून चटईच्या कडेला ठेवला.

तुळसाने सांगितलं. पहिल्यापासून. ट्रक, ढाबा, सगुणाचं रक्त, मिठाचा बांध, गोळ्या, डॉक्टरीण बाई काय म्हणाली ते. वासाचं सांगितलं. मंजुळा पाया पडायला आली त्याचंही सांगितलं. जनाबाई तोंडावर पदर धरून ऐकत होती.

"अगो बाय," ती म्हणाली. "केवढा सोसला बाईनं."

"तोच किडा त्याच्या अंगात अजून असंल. तुमच्या पोरीला देनार तो. तिला बी दहा वर्सांनी..."

"पन त्याचा रगत साफ हाय ना?"

"हाय."

"त्याना तो रोग नाय ना?"

"तो नाय. पन मी काय सांगते..."

"मंग झाला तं." जनाबाईने परत सूप हातात घेतलं. "बाय, बाईच्या जातीला खालची हजार दुखनी. मना पन पांढरा जातो पंधरा वर्सा, मेली का मी? एक बाई मेली म्हनून पुरुषाला दुसरी द्यायची नाय? आमाला कोन राजाचा पोऱ्या येनार हाय? त्याचा ट्रक हाय, आगर हाय. दहा वर्सांनी काय व्हईल ते दहा वर्सांनी. आज पोरीला घर मिलतो."

सूप हलायला लागलं. भाताची फोलं उडून तुळसाच्या मांडीवर येत होती. आत मैत्रीण काहीतरी म्हणाली आणि नवरी ओरडली, "ए, गप गो, आय ऐकंल!" आणि दोघी परत खिदळल्या.

तुळसाने चहाकडे बघितलं. त्याच्यावर साय धरली होती. तिने तो तसाच ठेवला.

"एक सांगायचा ऱ्हायला," ती म्हणाली.

"काय?"

"साफ नाय त्याचा रगत. तपासला तवा साफ व्हता. आता नाय."

सूप थांबलं.

"माजा रोग म्हायती हाय ना तुमाला? गनूचा आनि माजा? तोच पंढरीला हाय. मी दिला."

"तू? दीर ना गो तो तुजा?"

"सगुना आजारी व्हती. तिला हात लावता येत नव्हता. मी शेजारीच व्हती, त्याच पडवीत." तुळसाचा आवाज वर गेला नाही की खाली गेला नाही. "पुरुष कुटं जानार? माज्याकडं यायचा."

गणू मेल्यापासून पंढरीने तिच्या हातचं घोटभर पाणी घेतलं नव्हतं. पडवीच्या दारात उभं राहायचं झालं तरी तो तोंडाला पंचा लावायचा.

जनाबाईने एका क्षणात विश्वास ठेवला. मघाशी खरं सांगता सांगता तुळसाचा सगळा चहा निवला होता, तरी ते खरं तिच्या सुपातून फोलासारखं उडून गेलं. हे मात्र तिच्या पोटात जाऊन बसलं. ती उठून मागे सरकली. भिंतीला लागेपर्यंत सरकली. तिने एकदा आतल्या दाराकडे बघितलं, एकदा चटईकडे, एकदा त्या कपाकडे.

"खोटा बोलतंस तू. लगीन मोडायला आलीस."

"मोडायलाच आली."

"शपथ घे," जनाबाई म्हणाली. "कोनाची पन घे. पन ज्याच्यावर तुजा जीव असंल त्याची घे."

तुळसाला मूल नव्हतं. आईबाप नव्हते. नवरा होता तो या गोष्टीत आधीच येऊन गेला होता.

"सगुनाची शपथ," ती म्हणाली.

आतलं जातं थांबलं.